मामीचा गुडघा, माळव्याची अफू आणि एक बनावट किल्ली

उज्जैनला फ्रीगंजमध्ये माझी मामी राहते. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. पाय उशीवर आणि तोंड स्वयंपाकघराकडे, अशा थाटात तिच्या सूनबाईला सूचना चालल्या होत्या, कारण अधिक महिना होता आणि दुबईच्या जावयाला तेहेतीस अनारसे जायचे होते. मला पाहताच तिने गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. "अगं, तू वाचत असतेस ना हे सगळं, मग सांग बघू. ह्यात अफू तर नाही न? दुकानवाला चिठ्ठी बघितल्याशिवाय देतच नव्हता."

पाकिटावर छापलं होतं: ट्रॅमाडॉल ३७.५ मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. मामीचा प्रश्न माळव्याच्या बाईला शोभेल असाच नेमका होता, आणि त्याचं उत्तर मोठं गमतीचं आहे. त्या गोळीत अफूचा कणसुद्धा नाही. ती कारखान्यात रसायनांपासून बनते, खसखशीच्या झाडाशी तिचा काडीचा संबंध नाही. पण शरीरात गेल्यावर ती उघडते ते कुलूप मात्र अफूचंच.

पोपटांना कळतं ते

आधी थोडं माळव्याबद्दल. उज्जैन संभागातच नीमच आणि मंदसौर येतात, आणि कायदेशीर अफूची देशातली सगळ्यात प्रसिद्ध शेती तिथलीच. परवान्याला तिकडे 'पट्टा' म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडांना बारीक चीर देतात, ती चिराई. रात्रभरात चीक बाहेर येऊन घट्ट होतो, तो सकाळी खरवडून घेतात, ती लुवाई. पहिली चीर देण्याआधी कालीमातेची पूजा होते. गोळा झालेली अफू शेतकऱ्याने ठेवायची नाही, सरकारलाच द्यायची. नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यातून मॉर्फीन, कोडीन वगैरे वेगळं काढतात. गेल्या काही वर्षांपासून काही शेतकऱ्यांना चीर न देता अख्खं बोंडच सरकारला देण्याचा वेगळा पट्टाही मिळू लागला आहे.

पण सगळी बोंडं सरकारपर्यंत पोचत नाहीत. पोपटांना त्यांची चटक लागते. भर शेतात झडप घालून बोंड तोडायचं आणि झाडावर बसून खायचं, असा त्यांचा कार्यक्रम असतो. शेतकरी जाळी लावतात, डबे बडवतात, फटाके फोडतात. नीमचच्या पोपटांच्या बातम्या परदेशी वर्तमानपत्रांनीही छापल्या.

अबुल फजलने आईन-इ-अकबरीत माळवा सुभ्याचं वर्णन करताना लिहून ठेवलंय की इथले लहानथोर सगळे आपल्या मुलांना तीन वर्षांची होईपर्यंत अफू चारतात. तीनशे वर्षांनंतर मुंबईच्या गिरणगावातही तेच चालू होतं. कामावर जाणारी आई तान्ह्याला 'बाळागोळी' देऊन झोपवायची, आणि त्या गोळीत अफू असायची. पाळणाघर नाही, रजा नाही, मग ती दुसरं करणार तरी काय? त्या बायांना नावं ठेवताना ही बाजू विसरता कामा नये.

उज्जैन ही १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी. पुढे दौलतरावांनी दरबार ग्वाल्हेरला हलवला, पण उज्जैनची अफूची पेढी हलली नाही. बंगालच्या अफूचा मक्ता कंपनी सरकारकडे होता. माळव्याची अफू मात्र शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकायची आणि उज्जैन-इंदूरच्या सावकारांमार्फत दमण, कराची, मुंबईच्या वाटांनी चीनला जायची. कंपनीने ती अडवून पाहिली, स्वतः विकत घेऊन पाहिली, आणि शेवटी १८३० च्या सुमारास हात टेकले. पेटीमागे जकात घेऊन तिने मुंबईचा रस्ता मोकळा केला. याच व्यापारात जमशेटजी जीजीभाई गब्बर झाले आणि त्यांच्या देणगीतून १८४५ मध्ये मुंबईचं जे. जे. रुग्णालय सुरू झालं. चीनमधल्या किती घरांची राख त्या पैशात आहे, हे आठवलं की जे. जे.च्या फाटकातून जाताना मला अजून अस्वस्थ वाटतं. आणि त्याच फाटकाच्या आत किती जिवांची दुखणी शांत झाली, हेही तितकंच खरं आहे.

कुलूप आधी, किल्ली नंतर

१८०५ च्या आसपास सर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधविक्याच्या मदतनिसाने अफूतून तिचा अर्क वेगळा काढला आणि मॉर्फिअस या ग्रीक स्वप्नदेवतेवरून त्याला नाव दिलं. म्हणजे किल्ली मिळाली. पण ती लागते कुठे, हे कळायला १९७३ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी अमेरिकेत मेंदूतल्या पेशींवर ती जागा दाखवून दिली. त्याच सुमाराला आणखी दोन प्रयोगशाळाही तिथवर पोचल्या होत्या.

मग साहजिक प्रश्न आला. माणसाच्या मेंदूत अफूचं कुलूप का असावं? देवाने काय नीमचची शेती गृहीत धरून माणूस घडवला? १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कॉस्टर्लिट्झ यांनी याचं उत्तर शोधलं, तेही खाटीकखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूतून. शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्यं बनवतं. कुलूप त्या घरच्या किल्लीसाठी होतं. खसखशीच्या झाडाच्या हाती लागली ती योगायोगाने जुळलेली दुसरी किल्ली.

या घरच्या किल्लीचा १९७८ चा एक प्रयोग मला फार आवडतो. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना 'हे दुखणं थांबवणारं औषध' म्हणून औषध नसलेलं द्रव्य दिलं. काहींचं दुखणं खरंच कमी झालं. मग त्यांना नॅलॉक्सोन दिलं. हे औषध कुलपाच्या भोकात बोळा बसवतं, म्हणजे कुठलीच किल्ली आत जात नाही. आणि गेलेलं दुखणं परत आलं! म्हणजे नुसत्या विश्वासाने मिळालेला आराम मनाचा खेळ नव्हता, शरीराने खरोखरची अफू पाझरवली होती. म्हाताऱ्या माणसांच्या कपाळावर हात ठेवून 'बरं वाटेल हं' म्हणणाऱ्या परिचारिकेला हे कुणीतरी सांगायला हवं.

उंदराची शेपटी वर गेली आणि…

पहिलं गाजलेलं संपूर्ण कृत्रिम औषध म्हणजे पेथिडीन. आपल्या आई-मावश्यांना हे नाव प्रसूतीच्या खोलीतून माहीत असतं. पण ते शोधायला कुणी निघालंच नव्हतं. १९३० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत ओट्टो आइझ्लेब पोटातल्या मुरड्यावर, पेटक्यांवर औषध बनवत होता. त्याच्यासमोर नमुना होता ॲट्रोपिनचा. हे आपल्या धोत्र्याच्या घराण्यातलं रसायन. महाकालाला धोत्र्याचं फळ वाहतो ना, तेच ते झाड. नवं द्रव्य उंदरांना टोचलं तेव्हा ओट्टो शाउमन नावाच्या सहकाऱ्याच्या लक्षात आलं, की उंदरांच्या शेपट्या इंग्रजी एससारख्या वळून पाठीवर उभ्या राहिल्यात. ही खूण मॉर्फीनची! धोत्र्याच्या वाटेने निघालेला माणूस अफूच्या दारात पोचला होता, आणि वाटेत अफूचं झाड कुठेच आलं नव्हतं.

पुढे बेल्जियमच्या पॉल यान्सेनने याच पेथिडीनच्या सांगाड्यात फेरफार करत १९६० च्या आसपास फेंटानिल बनवलं. ते मॉर्फीनच्या पन्नास ते शंभर पट जोरकस आहे. ऑपरेशन थिएटरमधल्या दोन मिलिलिटरच्या कुपीत ते असतं शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा. साध्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकं. चरबीत ते चटकन विरघळतं, म्हणून मेंदूत क्षणात पोचतं आणि कातडीतूनही आत शिरतं. कॅन्सरच्या रुग्णांना त्याची चिकटपट्टी लावतात, ती तीन दिवस चालते. मात्र त्या पट्टीवर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवायची नाही. उष्णतेने औषध भराभर आत जातं आणि श्वास मंदावतो. माळव्यातल्या मे महिन्याच्या उन्हातही हे ध्यानात ठेवावं.

दुतोंडी औषध

आता मामीची गोळी. ट्रॅमाडॉल १९६२ मध्ये जर्मनीच्या ग्रुनेनथाल कंपनीत बनलं आणि १९७७ मध्ये बाजारात आलं. मॉर्फीनच्या तुलनेत त्याचा जोर साधारण दहावा. पण त्याचं वागणं मॉर्फीनपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं आहे, आणि म्हणूनच मला हे औषध फार मजेदार वाटतं.

पहिली गोष्ट, प्रत्येक गोळीत दोन प्रकारचे रेणू निम्मेनिम्मे असतात. डावा हात आणि उजवा हात असतात ना, दिसायला तंतोतंत पण एकाचा हातमोजा दुसऱ्याला बसत नाही, तसे. आणि दोघांची कामंही निराळी! एक सेरोटोनिन नावाचं द्रव्य मज्जातंतूंच्या फटीत जास्त वेळ टिकवतो, दुसरा नॉरॲड्रिनॅलिन टिकवतो. त्याने काय होतं? दुखण्याची बातमी गुडघ्यातून पाठीच्या कण्यात येते आणि कण्यातून वर मेंदूकडे जाते. मेंदूकडूनही खाली निरोप येत असतात: 'कळलं, आता पुरे.' हा खाली येणारा निरोप जी द्रव्यं पोचवतात त्यातली ही दोन. ट्रॅमाडॉल तो निरोप मोठ्या आवाजात द्यायला लावतं.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. मूळ ट्रॅमाडॉल अफूच्या कुलपात धड बसतच नाही. ते यकृतात गेलं की तिथलं सीवायपी-टू-डी-सिक्स नावाचं एंझाइम त्याचा एक कोपरा छाटतं. या छाटलेल्या रेणूची कुलपाशी ओढ मूळ रेणूच्या शेकडो पट असते. म्हणजे दुकानात मिळते ती कच्ची किल्ली, तिला कानस लागते ती आपल्या यकृतात.

आणि प्रत्येकाच्या यकृतातला कारागीर सारखा नसतो. काही लोकांमध्ये हे एंझाइम जन्मतःच कामचुकार, मग गोळी घेऊनही माणूस कण्हतोच. घरचे म्हणतात, नाटकं करतोय. तो नाटकं करत नसतो! उलट काही लोकांमध्ये ते एंझाइम इतकं तडफदार असतं, की साध्या डोसात धोका व्हावा. इथिओपिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या काही समाजांत अशी माणसं बऱ्याच प्रमाणात सापडतात. लहान मुलांचे श्वास यामुळेच अडकल्याचे प्रकार घडले, आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारा वर्षांखालच्या मुलांना ट्रॅमाडॉल आणि कोडीन देण्यावर मनाई घातली. मोठ्या माणसाची उरलेली गोळी अर्धी तोडून नातवाला देणाऱ्या प्रत्येक आजीला हात जोडून सांगणं आहे: असं कधीही करू नका.

प्राण्यांत तर याहून मजा. कुत्र्याच्या शरीरात ही छाटलेली किल्ली फारच थोडी तयार होते, म्हणून त्याला ट्रॅमाडॉलचा दुखण्यावर तितकासा उपयोग होत नाही. मांजराच्या शरीरात ती भरपूर तयार होते.

ट्रॅमाडॉलने मळमळतं. मळमळीवर ऑनडॅनसेट्रॉन देतात, जे आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात असतं. पण तेच औषध सेरोटोनिनचं एक दार बंद करून ट्रॅमाडॉलचा निम्मा डाव मोडतं. ऑपरेशननंतर दोन्ही एकत्र दिली तर ट्रॅमाडॉल जास्त लागतं, हे पाहण्यात आलंय. याउलट नैराश्यावरच्या काही गोळ्या आणि ट्रॅमाडॉल एकत्र आले की सेरोटोनिन हाताबाहेर जाऊ शकतं. अंग थरथरतं, ताप चढतो, जिवावर बेततं. जादा डोसात फिट्सही येतात. आणि दुतोंडीपणाची शेवटची खोड अशी, की जास्त झालेलं मॉर्फीन नॅलॉक्सोनने उतरतं, ट्रॅमाडॉल मात्र अर्धवटच उतरतं, कारण बोळा एकाच कुलपात बसतो आणि या औषधाचं दुसरं तोंड मोकळंच राहतं. म्हणून मामीला मी विचारलं, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? "झोपेची घेते न कधीकधी," ती सहज म्हणाली. झोपेची गोळी आणि ही, दोन्ही मिळून श्वासाला गुंगी आणतात. त्या संध्याकाळी तिच्या डॉक्टरांना पहिला फोन मी तोच केला.

झाडाच्या मुळात सापडलेली गोळी

२०१३ मध्ये शास्त्रज्ञांच्या जगात खळबळ उडाली. कॅमेरूनमधल्या एका झाडाच्या मुळांत ट्रॅमाडॉल सापडलं! तिथले वैदू दुखण्यावर तेच मूळ देत आले होते. माणसाने प्रयोगशाळेत पन्नास वर्षांपूर्वी बनवलेलं औषध निसर्गाकडे आधीपासूनच होतं, अशा बातम्या झळकल्या. वर्षभरात दुसऱ्या एका चमूने तिथल्या मातीत, पाण्यात, इतर झाडांतही ट्रॅमाडॉल शोधलं आणि सगळा उलगडा झाला. त्या भागातले शेतकरी उन्हात राबताना थकवा जाणवू नये म्हणून ट्रॅमाडॉल घेत आणि नांगराच्या बैलांनाही चारत. ते शेणामुतातून जमिनीत उतरलं आणि मुळांनी शोषून घेतलं.

बैलाला गोळी चारून नांगराला जुंपणाऱ्या माणसाची दशा काय असेल, हा विचार ही कथा वाचल्यापासून माझी पाठ सोडत नाही. आणि पश्चिम आफ्रिकेत पोचणाऱ्या अशा गोळ्यांचा मोठा भाग भारतात बनत आला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅपेंटॅडॉल या ट्रॅमाडॉलच्या धाकट्या भावंडाची आणि कॅरिसोप्रोडॉलची एकत्र गोळी तिकडे पाठवण्यावर भारत सरकारने बंदी घातली. हे खूप आधी व्हायला हवं होतं.

जुलाबाची गोळीसुद्धा त्याच घराण्यातली

हे वाचून कुणी दचकेल, पण जुलाब थांबवायला आपण जी लोपरामाइडची गोळी घेतो तीही कृत्रिम अफूच आहे, तीही यान्सेनच्याच प्रयोगशाळेतली. अफूची कुलपं आतड्यांतही असतात, तिथे ती उघडली की आतडी मंदावतात. म्हणून तर अशी सगळी वेदनाशामकं बद्धकोष्ठ करतात, आणि बाकी बहुतेक परिणामांची शरीराला सवय होते तशी याची सहसा होत नाही. मग लोपरामाइडने गुंगी का येत नाही? मेंदूच्या वेशीवर राखणदार प्रथिनं असतात, ती या रेणूला आत घेतल्याबरोबर बाहेर ढकलतात. कॉली जातीच्या काही कुत्र्यांत हा राखणदार जन्मतःच बिघडलेला असतो. त्यांना हीच गोळी दिली की ती पेंगून पडतात.

श्वास आणि दारूची बाटली

अफूच्या घराण्यातली औषधं जीव घेतात ती श्वास थांबवून. मेंदूच्या देठात श्वासाचा ताल धरणारी एक इवलीशी जागा आहे, तिथेही हीच कुलपं आहेत. त्या भागाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा जर्मनीतल्या एका परिषदेत जॅक फेल्डमन या शास्त्रज्ञाला जेवणाच्या मेजावर वाइनची बाटली दिसली. बोट्झिंगन गावची. बस, 'बोट्झिंगर' हे नाव ठरलं, आणि ताल धरणारी ती जागा झाली 'प्री-बोट्झिंगर'. आपला प्रत्येक श्वास एका गावठी वाइनच्या नावाखाली चालतो.

भीतीची किंमत

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा आला. हेतू योग्य होता, पण परवान्यांचं जंजाळ आणि शिक्षेची धास्ती इतकी, की अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. जगाला अफू पुरवणाऱ्या देशात कॅन्सरची माणसं कण्हत मेली. १९८६ मध्ये मुंबईत शांती अवेदना सदन सुरू झालं, भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह. १९९७ मध्ये पुण्यात वारज्याला अशाच रुग्णांसाठी सिप्लाचं केंद्र आलं. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी वर्षानुवर्षं झगडून हा प्रश्न दिल्लीपर्यंत नेला. २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती एकाच परवान्यावर मिळू लागली.

ट्रॅमाडॉलचं नेमकं उलटं झालं. ते बराच काळ कुठल्याही दुकानात सहज मिळायचं, व्यसन वाढत गेलं, आणि एप्रिल २०१८ मध्ये तेही एनडीपीएसखाली आलं. मामीचा दुकानदार चिठ्ठी मागत होता तो त्यामुळेच, आणि त्याने योग्यच केलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सैल सोडली तर ही औषधं माणसं खातात, आणि कुलूपबंद केली तर माणसं तडफडतात. रुग्णाला 'सहन करा थोडं' असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ऑपरेशननंतर चार दिवस डॉक्टरांनी सांगितल्याबरहुकूम घेतलेल्या गोळीने मामी पाय टाकायला लागली. वेदनेने निजून राहिली असती तर गुडघा आखडला असता.

अनारसे निघाले

एवढं सगळं ऐकून मामी म्हणाली, "म्हणजे ह्यात अफू नाही, आणि आहेसुद्धा." तिच्याइतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

मग लक्ष अनारशांकडे वळलं. सूनबाईने पीठ मळून गोळे करून ठेवले होते आणि ताटलीत खसखस पसरली होती, मंदसौरच्या मंडीतली, पांढरीशुभ्र. मी घाईघाईने तिला थांबवलं. खसखस म्हणजे त्याच बोंडातलं बी. त्याला नशा नसते, पण चिकाचा अंश लागलेला असतो, इतका की भरपूर खाल्ली तर लघवीच्या तपासणीत मॉर्फीन दिसू शकतं. आपल्याकडे ती किराणामालात मिळते, पण अमिरातीत आणण्यावर बंदी आहे, आणि सिंगापुरातही ती अमली पदार्थांच्या खात्याच्या नजरेत असते. ट्रॅमाडॉलही अमिरातीत मंजुरीशिवाय नेता येत नाही. तेव्हा लेकीकडे जाताना मामीला गोळ्यांसाठी आधी कागदपत्रं करावी लागतील, आणि अनारसे तर असे पाठवताच येणार नाहीत.

मामी क्षणभर गप्प झाली. मग उशीवरचा पाय सावरत सूनबाईला म्हणाली, "तीळ काढ गं. जावयाचे तिळावर थाप. आणि उरलेल्या पिठाचे आपल्याला खसखशीवर."

रात्री तेहेतीस अनारसे डब्यात भरून झाले. घरच्यांसाठी तळलेले नऊ वेगळे ठेवले होते, त्यातले दोन मी तिथेच उभ्या उभ्या संपवले.